डाव्या हाताची पंगत

इंदुबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका म्हाताऱ्याशी भांडत होत्या. भांडणाचा विषय होता आंघोळ. म्हातारा म्हणत होता, आज नको, आणि त्या म्हणत होत्या, कालही हेच म्हणाला होतात. त्यांनी त्याला हाताला धरून उठवलं नाही की आवाज चढवला नाही. नुसती गरम पाण्याची बादली घेऊन दारात उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हातारा पुटपुटत उठला. बाईंची उंची जेमतेम माझ्या खांद्याइतकी, अंगाने काटकुळ्या, पदर कमरेला खोचलेला. मी मनात म्हटलं, एकतर ही बाई इथे टिकणार नाही, नाहीतर मी टिकणार नाही. माझे दोन्ही अंदाज चुकले.

मी नुकतीच बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. त्या वर्षी तिची साथच आली होती. संगणक आले, माणसं जास्त झाली, आणि आम्हाला हार घालून घरी पाठवलं. त्यात ‘स्वेच्छा’ हा शब्द कोणी घातला ते मला अजून कळलेलं नाही. घरी बसून मी बायकोच्या फोडणीत लक्ष घालायला लागलो, तेव्हा तिनेच माझ्यासाठी नोकरी शोधली. धायरीच्या वृद्धाश्रमात अधीक्षक हवा होता. पगार नावापुरता, पण दिवसभर घराबाहेर राहण्याची हमी होती, आणि तिला तेवढंच पुरेसं होतं.

धायरी तेव्हा महापालिकेत गेलं होतं, पण गावाला ते अजून नीटसं कळायचं होतं. एका बाजूला ज्वारी, दुसऱ्या बाजूला नवी कोरी इमारत, आणि मधल्या रस्त्यावर म्हशी. इमारतींतली मुलं सकाळी गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे अडकवून कंपनीच्या बसची वाट पाहत उभी राहायची. आश्रमाची जागा जयसिंगरावांच्या वडिलांनी दान दिलेली. ते गेल्यावर विश्वस्तपद जयसिंगरावांकडे आलं. त्यांनी स्वतःची जमीन बिल्डरला दिली होती, आणि लोक पाठीमागे त्यांना गुंठामंत्री म्हणत. माणूस वाईट नव्हता. आश्रमात यायचा, गाडीची किल्ली बोटावर फिरवत सगळीकडे नजर टाकायचा, आणि ‘बसा जेवायला’ म्हटलं की घड्याळ बघायचा.

इंदुबाई वाशीमकडच्या. नवऱ्याबरोबर बांधकामावर आल्या होत्या. हिंजवडीच्या एका काचेच्या इमारतीत त्यांनी डोक्यावरून काँक्रीट वाहिलं. ती इमारत पुरी झाली तेव्हा नवरा राहिला नव्हता आणि आत जायला पास लागत होता. कोणाच्या तरी ओळखीने त्या आमच्याकडे झाडू-फरशीला लागल्या. मी आलो तोवर झाडू-फरशी त्या करतच होत्या, पण त्याखेरीज आश्रमही त्याच चालवत होत्या. अधीक्षकाच्या खुर्चीवर मी होतो, इतकंच.

त्यांनी आल्या आल्या एक गोष्ट बदलली होती. पूर्वी ताटं खोल्यांमध्ये जायची. जो तो आपल्या खाटेवर बसून, भिंतीकडे तोंड करून जेवायचा. इंदुबाईंनी ते बंद केलं. जेवणघरात दोन्ही भिंतींकडेने पाट मांडले आणि सांगितलं की ताट खोलीत येणार नाही, माणसाने ताटाकडे यायचं. ज्यांचे गुडघे वाकत नव्हते त्यांच्यासाठी ठेंगणी बाकं करून घेतली. सगळे बसल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. घराघरांतून उठून गेलेला हा रिवाज आमच्याकडे कडक होता. मला सुरुवातीला तो छळ वाटला. मग माझ्या लक्षात आलं की जेवायला जायचंय म्हणून लोक केस विंचरून येतात, आणि मी गप्प बसलो.

आता सरकारी अनुदानाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्याला कोणी नाही आणि ज्याच्याकडे काही नाही अशा वृद्धामागे सरकार आमच्या आश्रमाला दरमहा ठरावीक मदत देई. तिला अटी होत्या. वयाचा दाखला हवा, निराधार असल्याचा दाखला हवा, आणि माणूस आपलं आपण करणारा हवा. म्हणजे जेवणघरापर्यंत चालत यावा आणि आपल्या हाताने जेवावा. अंथरुणाला खिळला की त्याची मदत बंद, कारण तशा माणसाची शुश्रूषा करायची सोय आमच्याकडे नाही असं गृहीत होतं. त्याला मग ‘योग्य त्या संस्थेत’ हलवायचं. ती योग्य संस्था कुठे असते, हे मी तीन ठिकाणी विचारून पाहिलं. तिन्ही ठिकाणी मला नम्रपणे सांगण्यात आलं की त्यांच्याकडे चालता-फिरता माणूस लागतो.

म्हणजे चालता येत असेल तर सरकार सांभाळणार, चालता येईनासं झालं की कोणी नाही. नियम करणाराही कधीतरी म्हातारा होणार होता, पण ते त्याच्या ध्यानात आलं नसावं. वर्षातून एकदा तपासणी व्हायची, आणि ती पावसाळा संपला की येई.

मला तिथे चारेक वर्षं झाली असताना प्रश्न आला वैजनाथांचा.

वैजनाथ आचारी होते. मूळचे परळीकडचे, पण सगळी हयात बिबवेवाडीच्या एका मंगल कार्यालयात गेली. लग्न केलं नाही, दुसऱ्यांच्या लग्नांचं जेवण रांधलं. कार्यालयाच्या मागच्या खोलीत राहत. पुढे कार्यालय पाडून तिथे दुकानांचा चकचकीत मजला उभा राहिला, आणि वैजनाथ एक पत्र्याची पेटी आणि एक पितळी झारा घेऊन आमच्याकडे आले. झारा खाटेखाली असे. स्वयंपाकघरात ते पाऊल टाकत नसत, पण आमटी समोर आली की वास घेऊन तिच्यात काय राहिलंय ते सांगत. आमच्या स्वयंपाकिणीचा त्यांच्यावर फार राग होता.

त्यांची एक गोष्ट सगळ्या आश्रमाला पाठ होती. एका लग्नात कोणी भुकेला माणूस आमंत्रण नसताना पंगतीत बसला. मुलीच्या मामाने त्याला ओळखलं आणि दंडाला धरून भरल्या ताटावरून उठवलं. वैजनाथांनी चुलाण्यातली लाकडं ओढली, पाणी ओतून विस्तव विझवला आणि कढईजवळ हाताची घडी घालून बसले. तो माणूस परत पाटावर बसेपर्यंत त्यांनी चूल पेटवली नाही. सांगताना ते शेवटी हमखास म्हणत, “माणूस पंगतीला बसला की तो कोण, कुठला, हा विषय संपला.” तुम्ही मामाची माफी मागितलीत की नाही, असं कोणी विचारलं तर त्यांना राग येई.

श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून परत आले तेव्हा उजवा पाय फरपटत होता आणि उजवा हात मेल्यासारखा मांडीवर पडून होता. ते अंथरुणावर पडले आणि भिंतीकडे तोंड करून राहिले. इंदुबाईंनी पाय हातात घेतला. सकाळी तेल, दुपारी ओसरीपर्यंत चालणं, संध्याकाळी पुन्हा चालणं. म्हणाल तर शिव्या, म्हणाल तर लाडीगोडी. नवरात्राच्या सुमारास वैजनाथ भिंतीला धरून आपले आपण संडासापर्यंत जाऊ लागले. हात मात्र हलला नाही. ताट खोलीत जाऊ लागलं होतं, आणि इंदुबाई घास भरवत होत्या. स्वतःचा नियम त्यांनी स्वतःच मोडला होता, आणि त्याबद्दल त्यांना कोणी बोललेलं चालत नव्हतं.

मी त्यांना म्हटलं की डाव्या हाताने जेवायला सांगा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या की सांगून झालंय. वैजनाथ ऐकत नव्हते. ज्या हाताने आपण काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे, तो हात अन्नाला लावायचा? तोही मी, ज्याने पोरांना डाव्या हाताने मीठ वाढलं म्हणून पंगतीतून हाकललं? त्यापेक्षा उपाशी मरेन. हे ते हळूच, तोंड वाकडं झाल्यामुळे अस्पष्ट बोलत, पण मागे हटत नसत. इंदुबाईंनी भरवलं तर चार घास खात, तेही खोलीचं दार लावून.

जयसिंगराव एक दिवस आले आणि त्यांनी ते बंद दार पाहिलं. मला बाजूला घेऊन ते सरळच बोलले. तपासणी तोंडावर आली होती. खोटं दाखवलेलं उघडकीला आलं तर सगळ्यांचंच अनुदान अडकेल, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसरंही एक होतं, आणि तेही त्यांनी लपवलं नाही. अमेरिकेत गेलेल्या एका मुलाला त्याच्या वडिलांसाठी जागा हवी होती आणि तो हवे तेवढे पैसे द्यायला तयार होता. वैजनाथांना सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात पोचवायचं. पुढचं दवाखाना बघेल. तपासणीच्या बाई नव्या आहेत, त्यांना मी आधीच सांगून ठेवलंय की आमच्याकडे एक जण अंथरुणाला खिळलाय, असं म्हणून जयसिंगराव निघून गेले. दवाखाना पुढचं काय बघतो हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तिथून परत आलेलं माणूस मी पाहिलेलं नव्हतं.

मी इंदुबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “उद्यापासून त्यांचं ताट पंगतीत लागन.”

मी म्हटलं, ते येणार नाहीत.

“पंगत थांबन,” त्या म्हणाल्या, आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी ताटं वाढली गेली. वैजनाथांच्या पाटासमोर ताट, शेजारी पाण्याचं भांडं, आणि पाट रिकामा. इंदुबाईंनी खोलीच्या दारातून एकदाच सांगितलं की पंगत बसलीय. वैजनाथ आले नाहीत. सगळे थांबले. भातावरची वाफ गेली. आमटीवर पापुद्रा धरला. मी चिडलो. आमच्याकडे साखरेचा विकार असलेली माणसं होती, त्यांना वेळेवर अन्न पोटात जायला हवं. मी अधीक्षकाच्या आवाजात सांगितलं की जेवायला सुरुवात करा. एकानेही हात हलवला नाही. यमुनाबाई तर माझ्याकडे बघायलाही तयार नव्हत्या. त्या आमच्यातल्या सगळ्यात कडक. आयुष्यभर सोवळ्यात स्वयंपाक केलेल्या, दुसऱ्याच्या पेल्याला हात लावणार नाहीत, ताटाला उष्टं लागलं तर ताट बदलून मागतील. मी पुन्हा बोललो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “आपण बँकेत होतात ना? मग आपल्याला थांबवण्याची सवय असेल, थांबण्याची नसेल.”

ती सगळी म्हातारी, भुकेली माणसं ताठ बसून राहिली. कोणी रागावलेलं नव्हतं, कोणी कुरकुरत नव्हतं. मी आयुष्यात संप पाहिले, मोर्चे पाहिले, बँकेच्या दारात धरणं धरून बसलोही आहे, पण इतकं शांत आणि इतकं पक्कं काही मी पाहिलं नव्हतं. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी चपला काढल्या आणि कडेला खाली बसलो.

मग बोळातून आवाज आला. एक पाऊल, आणि मागून फरपटणारं दुसरं. वैजनाथ येत होते. सगळी हयात त्यांनी पंगती वाढल्या होत्या, आणि वाढलेली ताटं आपल्यापायी निवताहेत हे त्यांना खाटेवर पडून सोसवलं नाही. इंदुबाईंनी नेमकं हेच ओळखलं होतं. ते भिंतीला खांदा घासत आले, दारात थांबले, पुन्हा निघाले. आपल्या पाटाशी आले आणि भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली सरकत बसले. मदतीला कोणी उठलं नाही, कारण इंदुबाईंनी डोळ्यांनी सगळ्यांना बसवून ठेवलं होतं.

आणि बसल्यावर ते ताटाकडे बघत राहिले. घाम पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. आता सगळे त्यांच्या पहिल्या घासासाठी थांबले होते, हे त्यांना कळत होतं. त्यांची मान खाली जात चालली.

इंदुबाई कधीही पंगतीत बसत नसत. सगळ्यांचं झालं की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून जेवत. त्या दिवशी त्यांनी वाढायचं पातेलं खाली ठेवलं, एक ताट घेतलं, वैजनाथांच्या समोर मांडी घालून बसल्या आणि थोरामोठ्यांच्या आधी, कोणाला न विचारता, डाव्या हाताने भात कालवून घास तोंडात घातला. पंगतीचे दोन गुन्हे त्यांनी एका घासात केले होते. सगळ्यांची नजर यमुनाबाईंकडे गेली, कारण बोलणार तर त्याच.

यमुनाबाई बराच वेळ इंदुबाईंकडे बघत राहिल्या. मग त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला. डावा हात ताटाजवळ नेला. त्यांनी घास उचलला, तो अर्धा वाटेत सांडला, उरलेला खाल्ला. आणि वैजनाथांना म्हणाल्या, “आचारी, आमटी निवली. आता तरी जेवा.”

एकामागून एक सगळ्यांनी डावे हात पुढे केले. मीही केला. माझे डोळे भरले होते, आणि ते लपवायला मला मान खाली घालून जेवणं सोयीचं पडलं. सगळे जण पूजा-उपास-सोवळं पाळून सत्तरी गाठलेले. त्यांना कोणी तत्त्व सांगितलं नव्हतं, की नियमाचा कागद दाखवला नव्हता. शेजारचा माणूस जेवावा म्हणून त्यांनी जन्माची सवय आणि लाज बाजूला ठेवली, आणि त्याचा कोणी गाजावाजा केला नाही. इतकी मोठी माणसं इतकी वर्षं माझ्या आजूबाजूला होती आणि मी त्यांच्या औषधांच्या वेळा बघत होतो.

वैजनाथांनी पहिला घास घेतला तेव्हा ते रडत होते. दुसऱ्या घासाला त्यांनी भात जरा चिकट झाल्याचं सांगितलं. मग आम्हाला पोळी तुटेना, तेव्हा त्यांच्यातला आचारी जागा झाला. पोळीची कड अंगठ्याखाली दाबायची आणि बोटांनी ओढायची, म्हणजे एका हाताने सुटते. त्यांनी करून दाखवलं. त्यांनाही पहिल्यांदा जमलं नाही. मग सगळेच हसले, आणि डाळभात भिंतीपर्यंत उडाला.

त्या दिवसापासून आमची पंगत डाव्या हाताने जेवू लागली. कोणी ठरवलं नाही, कोणी मोडलंही नाही. वैजनाथ रोज चालत येत आणि उशीर झाला तर पंगत थांबे. इंदुबाई पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसू लागल्या, तेव्हा यमुनाबाईंनी आपल्या शेजारी एक पाट मांडला आणि तो उचलू दिला नाही. जयसिंगरावांना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि जेवायला काय, चार दिवस कोणीही जेवेल, तपासणीच्या बाईंनाच बघू दे, असं म्हणाले.

तपासणीच्या बाई ऐन जेवणाच्या वेळी आल्या. पूर्णिमा नावाच्या, तरुण, मोजकं बोलणाऱ्या. बरोबर जयसिंगराव, किल्ली फिरवत. बाईंनी खोल्या पाहिल्या, पाणी पाहिलं, दाखले पाहिले. मग म्हणाल्या की अंथरुणाला खिळलेले एक गृहस्थ आहेत असं कळलंय, ते कुठे आहेत. खोल्यांत कोणी नव्हतं. सगळे पंगतीला बसले होते.

त्या जेवणघराच्या दारात आल्या आणि थबकल्या. दोन्ही भिंतींशी बसलेली माणसं डाव्या हाताने जेवत होती. उजवे हात मांडीवर, पदराखाली, गुडघ्यावर. एकेका चेहऱ्यावरून बाईंची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. अधू हात कोणाचा, हे ओळखायला काही मार्ग नव्हता. कोणी वर पाहिलं नाही. इंदुबाई हातात पोळ्यांची परात घेऊन उभ्या होत्या.

बाई जयसिंगरावांकडे वळल्या. “आपण कळवलं होतंत. यातले कोण ते दाखवा.”

जयसिंगरावांची किल्ली थांबली. त्यांना फक्त बोट करायचं होतं. वैजनाथ त्यांच्यापासून चार हातांवर, खाली मान घालून भात कालवत होते. त्यांनाही ऐकू गेलं होतं, आणि त्यांनी हात थांबवला नाही. मला त्यांच्या त्या विझवलेल्या चुलीची आठवण झाली. ती गोष्ट जयसिंगरावांनीही ऐकली असणार. पण त्यांना ती ऐकायची गरज नव्हती. ते गावचे होते. जेवत्या माणसाला बोट दाखवून पंगतीतून उठवणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळत होतं. त्यांचा चेहरा लाल झाला. ते पंगतीकडे बघत राहिले.

“खिळलेलं कोन न्हाई, बाई,” ते शेवटी म्हणाले. “मी चुकीचं सांगितलं. समदी पंगतीला हायेत.”

पूर्णिमाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पंगतीकडे पाहिलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते मी सांगू शकत नाही. “सगळे आपल्या पायांनी आलेत?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, आणि ते खरं होतं. “आणि आपल्या हाताने जेवताहेत,” त्या स्वतःशी म्हणाल्या, तसंच लिहून घेतलं आणि बाहेर गाडीकडे गेल्या.

जयसिंगराव गेले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. चपला काढल्या, किल्ली खिशात टाकली आणि टोकाच्या रिकाम्या पाटावर बसले. इंदुबाईंनी काही न बोलता ताट वाढलं. त्यांनी उजवा हात गुडघ्याखाली दाबून घेतला आणि डाव्या हाताने पोळीला हात घातला. पोळी तुटेना. ताट सरकलं, आमटी सांडली, कपाळावर घाम आला.

वैजनाथांनी मान वर केली.

“अंगठ्याखाली दाबा, जयसिंगराव,” ते म्हणाले. “घाई करू नका. पंगत थांबते.”